वाचकांचे प्रश्न : पांढरं रान, काळं आभाळ

काळ्या-पांढऱ्या इन्फ्रारेड फिल्मवर निसर्गदृश्यं टिपणाऱ्यांची बरीच पत्रं पावसाळ्यानंतर आली. ही फिल्म लाल रंगाच्या पलीकडचे, डोळ्याला न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरणही टिपते. भिंगापुढचा फिल्टर दिसणारा प्रकाश अडवतो, आणि त्याच्यावरचा नॅनोमीटरचा आकडा म्हणजे तो साधारण कुठल्या लहरलांबीच्या पुढचे किरण आत सोडतो ते. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच गोष्टीबद्दल विचारणारी पत्रं एकत्र केली आहेत.

सप्टेंबरात कास पठारावर रोलाय इन्फ्रारेड ४००चा अख्खा रोल संपवला. फिल्टर ७२० नॅनोमीटरचा, ऊन लख्ख. निगेटिव्ह चांगल्या आल्या आहेत, पण फुलांचा पत्ताच नाही. नुसतं पांढरं गवत दिसतं. काय चुकलं?
— वाचक, सातारा

एक्स्पोजर चुकलं नाही, विषय चुकला. तेरड्याचा गुलाबी, कवल्याचा पिवळा, सीतेच्या आसवांचा जांभळा हे सगळे भेद आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशातले आहेत. पाकळीतली रंगद्रव्यं ७०० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ काहीच शोषत नाहीत, त्यामुळे तिथे पाकळी पांढरी. पानाचंही तेच. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषतं, पण अवरक्त किरणांना अडवत नाही. ते किरण पानाच्या आत शिरतात आणि पेशी व त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटून चहूकडे विखुरतात. बर्फाची लादी आरपार दिसते आणि तीच किसून गोळा केला की पांढरी होते, तसाच हा प्रकार. रॉबर्ट वूड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९१०मध्ये अशी छायाचित्रं पहिल्यांदा प्रसिद्ध केली, म्हणून या परिणामाला ‘वूड इफेक्ट’ म्हणतात. वूड म्हणजे रान असा अर्थ अनेक जण लावतात, तो योगायोग आहे.

तेव्हा कासला फुलं टिपायची तर रंगीत फिल्म लावा. इन्फ्रारेडसाठी तिथे वेगळा माल आहे : उघडा कातळ, त्यात साचलेली उथळ डबकी आणि वरचे ढग. निळ्या आभाळाखालचं डबकं काळं येतं, कातळ करडा, काठचं गवत पांढरं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणून डबक्याचा काठ चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून आत शिरेल असा ठेवला, तर नजर त्या काळ्या-पांढऱ्या रेघेवरून ढगापर्यंत जाते. ट्रायपॉडचे पाय मात्र वाटेवरच राहू देत.

झाड पांढरं येतं, आभाळ काळं येतं, बघणारे ‘वा’ म्हणतात. पण चार फोटो शेजारी ठेवले की सगळे सारखेच वाटतात आणि त्यात काही ‘बसत’ नाही. रचनेसाठी काही धरबंध सांगाल का?
— वाचक, पुणे (याच आशयाची आणखी तीन पत्रं)

पांढरं झाड हा फिल्मचा गुण झाला, त्याने चित्र होत नाही. पांढऱ्याला टेकायला काहीतरी गडद लागतं, आणि ते शटर दाबण्याआधीच शोधून ठेवावं लागतं. अडचण ही की डोळ्याला दिसणारा उजेड-अंधार इथे कामाचा नाही. गर्द हिरवं आंब्याचं झाड आणि त्यामागचा फिकट निळा आकाशाचा तुकडा डोळ्याला ‘फिकटावर गडद’ दिसतो. फिल्मवर बरोबर उलटं होतं. म्हणून चौकटीतल्या प्रत्येक वस्तूकडे बघून मनात तिची जात ठरवा : पान, पाणी, दगड, आभाळ, की चुना. पान पांढरं, चुनाही पांढरा. निळं आभाळ काळं, स्थिर खोल पाणी काळं. बेसॉल्ट गडद. सुकं गवत आणि उघडी माती मधल्या करड्यात. ढग पांढरे.

एवढी यादी डोक्यात असली की काही सापळे आधीच दिसतात. चुन्याने रंगवलेलं पांढरंशुभ्र देऊळ आणि त्यामागे डेरेदार वड, ही रंगीत फोटोतली हुकमी जोडी. इन्फ्रारेडमध्ये देऊळ वडात विरघळतं, कळस कुठे संपतो तेही कळत नाही. तिथे दोन पावलं बाजूला होऊन कळस आभाळावर घ्या. उलट काळ्या पाषाणाचं हेमाडपंती देऊळ असेल तर झाडीच मागे हवी. तेच आभाळावर घेतलंत तर काळ्यावर काळं होईल. किल्ल्याच्या तटाबाबतही हेच, फक्त तिथे एक गंमत असते : चिऱ्यांच्या फटींत उगवलेलं गवत पांढऱ्या टाक्यांसारखं उमटतं आणि तटाची बांधणी रेघ न् रेघ दिसते.

आता सह्याद्रीच्या रांगा. घाटमाथ्यावरून दिसणाऱ्या, एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा हे आपल्याकडचं लाडकं दृश्य. ते फिकट होणं हवेतल्या निळसर धूसरपणामुळे असतं, आणि इन्फ्रारेड नेमका तोच कापते. परिणाम असा की दहा किलोमीटरवरची रांग तीन किलोमीटरवरच्या रांगेइतकीच ठसठशीत येते आणि खोली नाहीशी होते. ती दुसऱ्या मार्गाने परत आणावी लागते. पुढे एखादं झाड किंवा कातळाची कड घ्या. रांगांमध्ये उजेड-सावलीची आलटापालट असेल अशी वेळ निवडा, म्हणजे उन्हातला पांढरा उतार, त्यामागे सावलीतला काळा कडा, त्यामागे पुन्हा पांढरा. सकाळी नऊच्या आसपास किंवा दुपारी साडेतीननंतर तिरप्या उन्हात हे जमतं. भर बारा वाजता सगळ्या रांगा एकाच सुरात पांढऱ्या.

सावलीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बहुतेक जण फसतात. कड्याच्या सावलीत फक्त निळ्या आभाळाचा उजेड पोचतो आणि त्यात अवरक्त किरण फार थोडे. ती सावली फिल्मवर ठार काळी होते, तपशील सापडत नाही. झाडाखालची सावली मात्र वेगळ्या जातीची. पान जितके अवरक्त किरण परतवतं, जवळजवळ तितकेच खाली झिरपू देतं. त्यामुळे देवराईत, जिथे डोळ्याला अंधार वाटतो, तिथे फिल्मला भरपूर उजेड मिळतो : झुडपं आतून पेटल्यासारखी दिसतात आणि मधून गडद खोडं उभी राहतात. पाऊस पडून ऊन आलं असेल तर ओली खोडं आणखीच गडद. फुकट मिळालेला हा स्टुडिओ सोडून लोक माळावरचं एकटं झाड का शोधत बसतात, हे कोडंच आहे.

ऊन पाठीशी असलं की पानं सर्वांत पांढरी पण चपटी येतात. बाजूच्या उन्हात झाडाला गोलाई येते. आभाळ सर्वत्र सारखं काळं नसतं. क्षितिजाजवळ आणि सूर्याच्या बाजूला ते फिकटतं. निरभ्र काळं आभाळ चौकटीत फार जड पडतं, म्हणून ढग नसतील तर त्याला पाव भागापेक्षा जास्त जागा देऊ नका.

पाण्याची एक चौकट मुद्दाम सुचवतो. लावणी झालेली भातखाचरं, पावसाने उघडीप दिलेला दिवस, मावळात किंवा भंडारदऱ्याच्या बाजूला. साचलेलं पाणी काळं, रोपांच्या ओळी पांढऱ्या, बांध पांढरे. उंचावरून बघा आणि आभाळ पूर्ण वगळा. पाणी अगदीच गढूळ असेल तर गाळामुळे ते करडं येतं, म्हणून चिखलणीनंतर दोन दिवस जाऊ द्या. आणि नदीच्या पात्रावर जलपर्णी असेल तर फिल्मवर नदी दिसणारच नाही, हिरवळ दिसेल, तीही पांढरी.

इलफर्ड एसएफएक्स २०० विकत घेतली, बाजारातून एक काळा इन्फ्रारेड फिल्टर घेतला. अख्खा रोल कोरा आला. लॅबवाले म्हणतात, धुलाईत चूक नाही.
— वाचक, नाशिक

आधी फिल्मची कड बघा. कंपनीने छापलेले फ्रेमचे आकडे आणि नाव गडद उमटलं असेल तर डेव्हलपरने आपलं काम केलंय. फिल्मवर प्रकाशच पोचला नाही. आकडेही नसतील तर लॅबला पुन्हा विचारा.

आकडे असतील तर तुमचा फिल्टर बहुधा ८५०चा आहे. एसएफएक्सची संवेदनशीलता साधारण ७४० नॅनोमीटरला संपते. ८५०चा फिल्टर त्याच्या पुढचे किरण आत सोडतो, म्हणजे फिल्मला जे दिसतं ते सगळं फिल्टर अडवतो आणि फिल्टर जे सोडतो ते फिल्मला दिसत नाही. रोलाय इन्फ्रारेड ४०० सुमारे ८२०पर्यंत जाते, तिलाही ८५० चालत नाही. या दोन्हींसाठी ७२०चा फिल्टर घ्या. होयाचा आर ७२ हा त्यातला सर्वांना माहीत असलेला. रॅटन या जुन्या फिल्टर-क्रमांकांत बोलणारा दुकानदार भेटला तर ८९बी मागा, ८७ नको.

घरी ओळखायची खूण : जुना तारेचा बल्ब लावा आणि फिल्टर डोळ्याशी धरून तार बघा. ७२०मधून तार मंद लाल दिसते, ८५०मधून जवळजवळ काहीच दिसत नाही. एलईडी दिव्यावर ही परीक्षा होत नाही, कारण त्यात त्या पट्ट्यातला प्रकाश नगण्य असतो. सूर्याकडे फिल्टरमधून कधीही बघू नये : डोळ्याला अंधार वाटतो, बाहुली मोठी होते आणि अवरक्त किरण आत जात राहतात.

फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख. मग चौकट बघायची कशी, फोकस कुठे करायचा आणि एक्स्पोजर किती? आमच्याकडे किनाऱ्यावर माडाच्या झावळ्याही हलत असतात.
— वाचक, रत्नागिरी

एसएलआर, म्हणजे फोटोच्याच भिंगातून चौकट दाखवणारा कॅमेरा, असेल तर क्रम ठरलेला आहे. ट्रायपॉडवर, फिल्टर न लावता चौकट पक्की करा. फोकस करा. एक्स्पोजर मोजा. मग कॅमेरा न हलवता फिल्टर चढवा. प्रत्येक फोटोला आटे फिरवत बसण्यापेक्षा चुंबकाने चिकटणारी कडी किंवा चौकोनी फिल्टरचा होल्डर परवडतो. यशिका मॅटसारखा दोन भिंगांचा कॅमेरा असेल तर फिल्टर फक्त खालच्या भिंगाला लावा; वरच्या भिंगातून चौकट उघडीच दिसत राहते. या कामाला तो कॅमेरा महागड्या एसएलआरपेक्षा सोयीचा.

एक्स्पोजरसाठी उजेड मोजायच्या मीटरवर आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) ६ लावा आणि फिल्टर नसताना वाचन घ्या. डब्यावर २०० लिहिलेलं असो की ४००, ७२०च्या फिल्टरमागे सुरुवात ६पासून करायची. फिल्टर लावून आतल्या मीटरने मोजू नका. मीटरचा सेन्सर आणि तुमची फिल्म अवरक्त किरणांना सारखा प्रतिसाद देत नाहीत. लख्ख उन्हात भिंगाचं छिद्र एफ/११ ठेवून १/१५, १/८ आणि १/४ सेकंद असे तीन फोटो घ्या. सूर्य खाली असताना उजेडात अवरक्त किरणांचं प्रमाण वाढतं, तेव्हा मीटर सांगतो त्यापेक्षा कमी पुरतं. ढगाळ हवेत उलट एक-दोन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला दुप्पट उजेड) जास्त द्यावे लागतात, तरी पानं उन्हातल्यासारखी उजळत नाहीत. एसएफएक्सवर मोजलेली वेळ सेकंदाच्या पुढे गेली की वाढवून द्या : मोजलेल्या ५ सेकंदांना साधारण १०.

फोकसचं असं, की लांब लहरींचे किरण भिंगाच्या थोडे मागे एकत्र येतात. जुन्या भिंगांवर फोकसच्या पट्टीशी लाल ठिपका किंवा ‘आर’ असं अक्षर असतं. नेहमीच्या रेघेसमोर आलेलं अंतर त्या खुणेसमोर आणा. खूण नसेल तर जुना ढोबळ नियम असा की भिंग केंद्रांतराच्या पाव टक्का पुढे सरकवायचं. ५० मिलिमीटरच्या भिंगाला ते सव्वादशांश मिलिमीटर भरतं. एफ/११ला तेवढी चूक भिंग स्वतःच पोटात घालतं, एफ/२.८ला नाही. मग आणखी लहान छिद्र, एफ/२२, का नको? कारण विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, येणारा मऊपणा लहरीच्या लांबीबरोबर वाढतो. इन्फ्रारेडमध्ये एफ/१६चा फोटो नेहमीच्या एफ/२२इतका मऊ येतो. एफ/८ ते एफ/११मध्ये राहा.

झावळ्यांना उपाय वेळेचा. समुद्रावरून वारा सुटायच्या आत, सकाळी, काम उरका. हलणाऱ्या पांढऱ्या पानांची काळ्या आभाळावर जी पुसट रेघ उमटते ती दुरून धुरासारखी दिसते. तशीच हवी असेल तर एक सेकंदापर्यंत जा, पण मग बुंधे आणि खडक टोकदार असले पाहिजेत. अर्धवट, १/१५ला हललेली झावळी नुसती चूक वाटते.

पहिल्या चार-पाच फ्रेमवर करडा धुरळा आहे. दुसऱ्या कॅमेऱ्यात घातलेल्या रोलवर मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत खालच्या भोकांच्या बाजूला पट्टा आलाय.
— वाचक, ठाणे

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली : रोलाय इन्फ्रारेडचा पाया पारदर्शक पॉलिएस्टरचा असतो. फिल्मच्या कॅसेटबाहेर आलेल्या शेपटीवर पडलेला उजेड त्या पायातून, काचेच्या नळीतून जावा तसा, कॅसेटच्या तोंडाच्या मखमली पट्टीखालून आतल्या वेटोळ्यांपर्यंत पोचतो. म्हणून रोल काळ्या डबीतून काढणं, कॅमेऱ्यात घालणं आणि परत डबीत ठेवणं, तिन्ही कामं अंधाऱ्या खोलीत किंवा निदान गडद सावलीत आणि अंगाच्या आडोशाने करा. फिल्म गुंडाळताना शेपटीही आत जाऊ द्या. माळरानावर सावलीच नसेल तर चेंजिंग बॅग (आत हात घालून काम करायची, उजेड न शिरणारी पिशवी) वापरा.

दुसरी : नव्वदच्या दशकातले काही ऑटोफोकस कॅमेरे फिल्मची भोकं मोजण्यासाठी आत अवरक्त दिवा वापरतात. तोच दिवा कडेला धुरळा आणतो. तो बंद करता येत नाही. हाताने फिल्म सरकवायचा जुना कॅमेरा वापरा.

पावसाळ्यात धुक्याआडचा कडा इन्फ्रारेडने दिसेल ना?
— वाचक, कोल्हापूर

नाही. धुक्याचे थेंब लहरीच्या मानाने खूप मोठे असतात, ते सगळ्या लहरी सारख्याच विखुरतात. मार्च-एप्रिलमधल्या जाड धुळीचंही बरंचसं तसंच. कापला जातो तो हवेचा आणि अतिसूक्ष्म कणांचा निळसर धूसरपणा. पाऊस संपल्यावर, रान अजून हिरवं आणि आभाळ निवळलेलं असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात या.

काकांच्या कपाटात कोडॅक हाय स्पीड इन्फ्रारेडचे दोन रोल मिळाले. वापरता येतील?
— वाचक, न्यू जर्सी

कोडॅकने ही फिल्म २००७मध्ये बंद केली, त्यामुळे तुमचे रोल कितीही काळजीने ठेवले असले तरी जुने आहेत. आधी पूर्ण अंधारात (ही फिल्म सावलीतही बाहेर काढायची नसते) एका रोलचा फूटभर तुकडा, म्हणजे तीसेक सेंटिमीटर, कापून एक्स्पोज न करता धुवून बघा. त्यावर वर्तमानपत्र ठेवून मथळे सहज वाचता आले तर उरलेला रोल वापरण्याजोगा. अगदी काळा निघाला तर आठवण म्हणून ठेवा.

या फिल्मच्या फोटोंत उजळ भागांभोवती जी प्रभा दिसते ती इन्फ्रारेडमुळे येत नाही. तिच्या पाठीला परावर्तन थोपवणारा थर नव्हता, त्यामुळे प्रकाश फिल्म सपाट धरणाऱ्या मागच्या दाबपट्टीवर आपटून परत फिल्मवर पसरे. दाबपट्टीवर ठिपक्यांची नक्षी असलेल्या कॅमेऱ्यात ती नक्षीही उजळ भागात उमटे, तेव्हा आधी पाठ उघडून पट्टी गुळगुळीत आहे ना ते पाहा. धुलाईची टाकी शक्यतो स्टीलची घ्या. काही प्लास्टिकं अवरक्त किरणांना आरपार सोडतात. भारतात येताना रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि विमानतळावर हाताने तपासणी करायची विनंती करा, विशेषतः सीटी स्कॅनर असेल तिथे.

उन्हाळ्यात नळाचं पाणी ३० अंशांवर असतं. धुतलेल्या निगेटिव्हमधली पानं इतकी दाट येतात की प्रिंटमध्ये नुसता कागद दिसतो.
— वाचक, नागपूर

दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. ७२०च्या फिल्टरमागे दृश्याचा कॉन्ट्रास्ट मुळातच जास्त, त्यात गरम डेव्हलपर. पसरट टबात पाणी आणि बर्फाच्या पिशव्या घालून त्यात डेव्हलपर, फिक्सर आणि धुवायच्या पाण्याच्या बाटल्या अर्धा तास उभ्या ठेवा. २० अंश जमले तर उत्तम, नाहीतर २४. एसएफएक्सला आयडी-११ हा डेव्हलपर पूर्ण तीव्रतेत २० अंशांना १० मिनिटं लागतात, २४ला साधारण ७. इन्फ्रारेडच्या रोलसाठी या वेळेतून १५ टक्के कमी करा आणि टाकी मिनिटाला एकदाच, हळू उलटी करा. सगळी द्रावणं एकाच तापमानाला हवीत. डेव्हलपर २० आणि धुवायचं पाणी ३० असेल तर ग्रेन (फोटोतले कण) भरड होतो.

एवढं करूनही पानं दाट आली तर तीन फोटोंच्या मालिकेतली सर्वांत पातळ निगेटिव्ह निवडा. आपण सवयीने मधली घेतो. पातळ निगेटिव्हमध्ये सावली आणखी काळी होईल, पण ती तशीही काळीच होती. पानांच्या शिरा मात्र परत येतील. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर दोन तास डबी उघडू नका, नाहीतर नागपूरच्या पावसाळी हवेत फिल्मवर दव धरेल.